दुकानातला जुना संगणक, लिनक्स आणि ब्राउझरची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली. नाना पेठेतील सुट्या भागांचे दुकान असो की भवानी पेठेतील घाऊक पेढी, गल्ल्याशेजारी बरा चालणारा पण जुना संगणक असतोच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तो नसल्यास नवे यंत्र घ्यावे किंवा जुन्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवावी, असे दोन मार्ग उरतात.

लिनक्स घेणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रणालीवर व्हॉट्सॲपचा कंपनीने दिलेला वेगळा प्रोग्रॅम नाही. जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँकेचा व्यवहार, गिऱ्हाइकाशी व्हॉट्सॲपवरील बोलणे, ही सारी कामे ब्राउझरमधूनच करावी लागतात. म्हणून ब्राउझरची निवड ही येथे हौसेची बाब नसून धंद्याची बाब आहे. (टॅली हा मात्र विंडोजचाच प्रोग्रॅम आहे. ज्यांचे हिशेब टॅलीत आहेत, त्यांनी आधी त्याची सोय पाहावी आणि मगच यंत्र बदलावे.)

दोन घराणी

नावे पुष्कळ असली तरी मुख्य घराणी दोनच आहेत. पहिले फायरफॉक्सचे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले, तेव्हा नेटस्केपचा बोलबाला होता. त्या कंपनीने १९९८ मध्ये आपला मूळ कोड खुला केला आणि त्यातून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आले. दुसरे घराणे क्रोमियमचे. गुगलचे क्रोम, मायक्रोसॉफ्टचे एज, ब्रेव्ह, विवाल्डी व ऑपेरा ही सारी त्याच पायावर उभी आहेत. गंमत अशी की, या घराण्याचे मूळ लिनक्सवरील कॉन्करर या ब्राउझरच्या इंजिनात आहे.

कोणते घ्यावे?

बहुतेक लिनक्स प्रणालींसोबत फायरफॉक्स आधीच बसविलेले येते. त्याचा मेनू मराठीत करता येतो. ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर जाहिराती रोखणारे यूब्लॉक ओरिजिन हे जोडसाधन घातल्यास पाने हलकी होतात. रोजच्या कामाला हे पुरेसे आहे.

मात्र काही संकेतस्थळे क्रोमवरच तपासून पाहिलेली असतात. तेथे बटण दाबले तरी काम पुढे सरकत नाही. यासाठी क्रोमियम घराण्यातील एक ब्राउझर जोडीला ठेवावा. एक रोजच्या वापरासाठी आणि दुसरा केवळ बँक व सरकारी कामासाठी, अशी वाटणी केल्यास सुरक्षाही वाढते.

यंत्र ३२ बिटचे असेल तर त्यावर खर्च करू नये. लिनक्सवरील ३२ बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झाले आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये आपल्या मुख्य आवृत्तीतून ही सोय काढली.

डिजिटल सहीची अडचण

खरी परीक्षा येथे होते. एकल मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याला जीएसटीचे विवरणपत्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने भरता येते. कंपनी व एलएलपी यांना मात्र डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लागते. या टोकनाचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे टोकन देणाऱ्याला आधी विचारावे.

शिवाय उबुंटूमध्ये फायरफॉक्स हे 'स्नॅप' नावाच्या बंदिस्त पद्धतीने येते. अशा ब्राउझरला टोकन वाचताना अडचण येऊ शकते. लिनक्स मिंटमध्ये ते साध्या पॅकेजच्या रूपात मिळते. नवख्या व्यापाऱ्याला मिंट सोयीचे पडते, याचे हे एक कारण आहे.

मराठी-उर्दू अक्षरे

मराठी अक्षरे तुटलेली दिसली तर दोष बहुधा ब्राउझरचा नसून फॉन्टचा असतो. रेड हॅट कंपनीने भारतीय भाषांसाठी लोहित फॉन्ट खुले केले असून त्यांच्या कामात पुण्यातील मंडळींचाही हात आहे. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवावा. उर्दू नस्तालीक वळणात हवी असेल, तर नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो.

चार सवयी

१. ब्राउझर प्रणालीच्या भांडारातून किंवा कंपनीच्या मूळ स्थळावरूनच घ्यावा.

२. नवी सुधारणा आल्याची सूचना टाळू नये. सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा क्रोम व फायरफॉक्समधील उणिवांविषयी वेळोवेळी इशारे देते. जुना ब्राउझर म्हणजे कडी न लावलेले दुकान होय.

३. बँकेचा पत्ता नीट वाचावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकण्याआधी बँकेत चौकशी करावी.

४. गल्ल्यावरच्या संगणकाला अनेकांचे हात लागतात. तेथे बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये.

घाईने जुनी प्रणाली पुसून टाकू नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. टिळक रोडवरील विक्रेत्याकडे किंवा जाणकार मित्राकडे बसून विवरणपत्र, बँक, टोकन व प्रिंटर या चार गोष्टी तपासाव्यात. चारही चालल्या तर नव्या यंत्राचे पैसे मालात गुंतविता येतील.