हातोडीखालची भुई

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी दिसण्याआधी ऐकू येते. ठक्‌ ठक्‌ ठक्‌, दोन-तीन दारांतून, प्रत्येक दाराची लय वेगळी. आत जमिनीवर बसलेला कारागीर, समोर जड लाकडी ओंडका, त्यात रोवलेली लोखंडी मेख आणि मेखेवर सावकाश फिरणारं हंड्याचं पोट. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, ही इथल्या जुन्या घरांची मांडणी. तिच्यात मोठी समज आहे. हातोडीचा घाव मेखेतून ओंडक्यात आणि तिथून थेट भुईत उतरावा लागतो. माळ्याच्या लाकडी तक्तपोशीवर बसून ठोकलं, तर मजला हादरेल आणि निम्मा जोर त्यातच जिरेल. म्हणून वाडा जपताना कोरीव खांब वाचवले आणि तळमजल्यावर दुकानांचे गाळे काढले, तर ते जतन मला अपुरं वाटतं.

पण खरं नवल त्या घावांचं! तांब्याच्या भांड्यावर चमचमणारे ठोके, म्हणजे मठारकाम, आपण नक्षी म्हणून पाहतो. प्रत्यक्षात तिथे धातू आतून बदललेला असतो. तांब्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते मऊ. ठोके बसत गेले की त्या रचनेतले बारीक दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकणं अवघड होतं. मऊ तांब्याचा कडकपणा असा दुपटीपर्यंत नेता येतो. पातळ पत्र्याचा हंडा भरून उचलला तरी आकार सोडत नाही, तो याच बळावर. हे का घडतं, याचा उलगडा शास्त्रज्ञांना १९३४ साली झाला. तांबटांचे हात त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होते!

ठोकणं अति झालं तर पत्रा चिरतो. मग भट्टी. मंद लाल होईपर्यंत तापवला की अणू नव्यानं रचले जातात आणि पत्रा पुन्हा नरम पडतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. तांबं बुडवलं तरी नरमच राहतं, लगेच पुढच्या ठोक्यांना तयार.

याच हातांनी बंब घडवले. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. लोखंडापेक्षा साधारण पाचपट उष्णता वाहून नेणारं तांबं मधे असल्यामुळे मूठभर ढलप्यांवर घरादाराच्या आंघोळी होत. आता पुष्कळ भांड्यांना आकार यंत्र देतं. मठार मात्र अजूनही हातानं, एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून.