दुपारची वीज, संध्याकाळचा दिवा

मुलांनो, दुपारी सौर पॅनेलं भरपूर वीज देतात. पण तुम्ही अभ्यासाला बसता, तेव्हा सूर्यदादा मावळलेले! तारांमधली वीज तर साठून राहत नाही. तयार होईल तेवढी त्याच क्षणी वापरावी लागते.

म्हणून वीजबाजारात दर पंधरा मिनिटांचा भाव वेगळा, दिवसाचे 96! भाजीसारखंच. दुपारी आवक जास्त म्हणून स्वस्त, संध्याकाळी महाग.

यावरची युक्ती अकोले तालुक्यातल्या घाटघरला आहे. एक धरण वर, एक खाली. वीज जादा असली की पंपाने पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडायचं. 250 मेगावॉटपर्यंत वीज मिळते. (चढवायला लागते त्याहून कमीच बरं का!) पूर्वी अशी केंद्रं रात्रीची उरलेली वीज वापरत. आता दुपारच्या उन्हाची पाळी!