नादस्वर आणि जॅझ: कावेरीकाठचा सुषिरवाद्यमेळ

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ असलेल्या नरसिंगमपेट्टै या गावात घडणाऱ्या नादस्वराला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सनईच्याच कुळातील, परंतु तिच्यापेक्षा बरेच लांब असे हे दुहेरी पत्तीचे सुषिरवाद्य, म्हणजे फुंकून वाजवायचे वाद्य, जुन्या, मुरलेल्या ‘आच्चा’ लाकडापासून, अर्थात अंजनापासून, तयार होते. मंदिरातील ‘पेरिय मेळम’ या वाद्यमेळात त्याच्या जोडीला तविल हा दोन तोंडांचा ढोल, अखंड आधारस्वर धरणारे ओत्तु आणि ताळम, म्हणजे झांजा, असतात.

या मेळाचे खरे वैभव आलापनेत, म्हणजे तालाविना होणाऱ्या रागविस्तारात आहे. तिरुवावडुतुरै मठाशी निगडित टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांचा तोडी राग त्यासाठी विख्यात होता. सात स्वररंध्रे असलेल्या या वाद्यात रंध्रे अर्धवट झाकून, तसेच ओठांचा व श्वासाचा दाब बदलून गमके, म्हणजे स्वरांची आंदोलने, काढली जातात. सॅक्सोफोनवादकाला हे तंत्र परके वाटू नये.

अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो (१९२३–२००९) यांनी नादस्वर शिकून ते आपल्या जॅझ वादनात आणले, ही घटना संगीतप्रेमींनी अधिक आदराने लक्षात ठेवावी अशी आहे. तंजावरला पाश्चात्त्य वाद्येही नवखी नव्हती: मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या पदरी पाश्चात्त्य धर्तीचा बँड होता आणि त्याच शतकात क्लॅरिनेट दाक्षिणात्य नृत्याच्या साथीत रुळले.