शेतकऱ्यांमधला ऱ कोण सांभाळतो?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची, किंवा कुठलीही शेतीविषयक घडीपत्रिका घ्या; 'शेतकऱ्यांनी', 'शेतकऱ्यांसाठी' आल्याशिवाय पान सरत नाही. संगणकाला मात्र हा शब्द जड जातो. ऱ, हलन्त आणि य हे तीन संकेतांक जुळवून 'ऱ्य' उभा करण्याचे नियम फॉन्टमध्ये लिहिलेले असावे लागतात. ते नसले की हलन्त लोंबत राहतो आणि य एकटा पडतो.

श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांच्या काळात प्रत्येक कंपनीचे संकेतांक वेगळे होते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. युनिकोडने संकेतांक एक केले, पण अक्षर घडवायला फॉन्ट लागतोच. रेड हॅटने 2004 मध्ये 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले. पुढे पुण्यातून प्रवीण सातपुते यांच्यासारख्या अभियंत्यांनी ते वाढवले.

फॉन्ट मुक्त झाला म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर पोहोचला, असे नाही. डेबियन किंवा फेडोरा ही लिनक्स प्रणाली वापरणारा माणूस 'पॅकेज' बसवतो. फॉन्ट कुठल्या फोल्डरात जाईल, मराठीसाठी आधी कोणता निवडला जाईल, परवाना कोणता, मूळ स्रोत कुठून घ्यायचा, हे सगळे त्या पॅकेजमध्ये लिहिलेले असते. लिहिणारे पुष्कळदा स्वयंसेवक असतात आणि हे काम कधी संपत नाही. 2011 च्या सुमारास डेबियनने फॉन्ट-पॅकेजांच्या नावांची पद्धत बदलली. त्याच काळात लोहितचा परवाना जीपीएलवरून ओएफएलवर गेला. 2017 मध्ये फेडोराहोस्टेड हे लोहितचे जुने घर बंद झाले आणि स्रोताचा पत्ता हलला. अक्षराचा एक काना न बदलताही पॅकेज दुरुस्त करावे लागते ते असे.

अक्षरे बदलतात तेव्हा तर विचारूच नका. 'ॲ'ला स्वतंत्र संकेतांक मिळाला 2008 मध्ये, युनिकोड 5.1 मध्ये. त्याआधी लोक अ आणि अर्धचंद्र जोडून काम भागवत. आजही दोन्ही रूपे फिरतात. डोळ्याला ती सारखी दिसतात, पण साध्या शोधात एक टाकले तर दुसरे सापडतेच असे नाही. फॉन्टला मात्र दोन्ही नीट दाखवावी लागतात.

ल आणि श यांचे दुखणे वेगळे. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या रूपांहून वेगळे, पण संकेतांक तेच. लोहित देवनागरीत दोन्ही रूपे आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले, तरच फॉन्ट मराठी रूप देतो. ही सूचना न समजणाऱ्या प्रणालींसाठी मराठी रूपेच मुळात धरलेला वेगळा लोहित उपयोगी पडतो, आणि डेबियनमध्ये त्याचे स्वतंत्र पॅकेज आहे. अशी रूपे ठरवणारे प्रमाण वर्णमालेचे शासन निर्णय 2009 आणि 2022 मध्ये निघाले. माझ्या मते असा निर्णय निघतो त्याच दिवशी तो या पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या हाती पडायला हवा. कागदावरची वर्णमाला पडद्यावर आणणारे तेच आहेत.

तेव्हा वाचकहो, लिनक्सवर मराठी अक्षर फुटलेले दिसले तर फॉन्ट बदलून मोकळे होऊ नका. पडद्याचे चित्र, टंकलेला शब्द, फॉन्टचे नाव आणि पॅकेजची आवृत्ती त्या पॅकेजच्या त्रुटी-नोंदीत कळवा.