खडकाचे ताणबल

दगडाच्या खाणीतील कारागीर मोठ्या शिळेचा चुरा करीत बसत नाही. तिच्या पाठीवर तो एका ओळीत भोके पाडतो, त्यांत पाचरी बसवितो आणि घणाचे टोले एकेका पाचरीवर आळीपाळीने घालीत जातो. पाचर भोकाच्या दोन्ही कडांना परस्परांपासून दूर लोटते व अखेरीस शिळा त्या ओळीवर सरळ दुभंगते. महाबलिपुरम येथे काही शिळांवर अशा खाचांच्या रांगा आजही पाहावयास मिळतात. खडक दाबून चिरडणे अतिशय कठीण, परंतु ओढून फाडणे त्या मानाने पुष्कळच सोपे, ही गोष्ट कारागिरांना शास्त्रज्ञांच्या फार पूर्वीपासून ठाऊक होती.

हा फरक किती असतो? चांगला ग्रॅनाइट चिरडण्यास 100 ते 250 मेगापास्कल दाब लागतो. (1 मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 10 किलोग्रॅम भार.) तोच ग्रॅनाइट ताणला असता बहुधा याच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्यातच तुटतो. वरवर अखंड दिसणाऱ्या खडकातही कणांच्या सीमांवर असंख्य सूक्ष्म भेगा असतात, हे त्याचे कारण होय. दाबाखाली त्यांपैकी बऱ्याच मिटतात. ताणाखाली मात्र त्या उघडतात आणि भेगेच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ यांनी 1921 साली काचेवरील प्रयोगांतून ही उपपत्ती मांडली. पुढे 1924 मध्ये त्यांनी दाबाखालील वर्तनाचा विचार केला, तेव्हा दाबबल हे ताणबलाच्या आठपट यावे असे गणित निघाले. प्रत्यक्षात खडकांत हे प्रमाण आठाहून बरेच अधिक आढळते. परंतु मूळ कल्पना टिकून राहिली आहे.

अभियंत्याला ताणबलाची चिंता वाहावी लागते ती मुख्यतः छतासाठी. दोन टोकांवर टेकलेली दगडी तुळई स्वतःच्या वजनाने किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो व खालचा ताणला जातो, आणि तडा जातो तो खालूनच. जुन्या मंदिरांत खांब इतके जवळजवळ का उभे केले, याचे एक उत्तर येथे आहे. कोणार्कच्या शिल्पकारांनी तर तेराव्या शतकात दगडी तुळयांच्या मदतीला लोखंडी तुळया घेतल्या होत्या. कोळशाच्या खाणीतील गल्लीवर वालुकाश्माचा आडवा थर असतो, तोही एक तुळईच होय; फरक एवढाच, की तिच्याखाली माणसे काम करीत असतात.

मग खडकाचा तुकडा दोन्ही टोकांना धरून ओढावा आणि तुटेल तेव्हाचा भार टिपून घ्यावा, असे वाचकास वाटेल. तसे करतातही. वेधनयंत्राने काढलेल्या दंडगोलाच्या दोन्ही टोकांना इपॉक्सी राळेने धातूच्या टोप्या चिकटवितात व त्या साखळ्यांनी ओढतात. अडचण अशी, की ओढ दंडगोलाच्या अक्षापासून जराशी जरी ढळली तरी नमुना वाकतो, एका बाजूस ताण अधिक होतो आणि खडक खऱ्या बलापेक्षा कमी भारालाच तुटतो. कधी खडकाऐवजी राळच सुटून येते. लोखंडाप्रमाणे खडकाला आटे पाडता येत नाहीत, आणि पकडीत घट्ट आवळावे तर पकडीपाशीच तो फुटतो. अशा चाचणीस वेळ, पैसा व कसबी हात तिन्ही लागतात.

यातून निघालेली वाट दूर ब्राझीलमध्ये सापडली, आणि तीही एका चर्चच्या निमित्ताने. रिओ दि जानेरो शहरातून एक प्रशस्त रस्ता काढावयाचा होता व साऊँ पेद्रो नावाचे अठराव्या शतकातील चर्च त्याच्या आड येत होते. ते न पाडता काँक्रीटच्या रुळांवरून सरकवून न्यावे, अशी योजना पुढे आली. या रुळांची परीक्षा करताना फर्नांदो कार्नेरो या अभियंत्यांच्या ध्यानात आले, की आडवा ठेवलेला रूळ वरून दाबला असता चिरडत नाही; तो उभ्या व्यासाच्या रेषेत चिरतो. म्हणजे वरून दाब दिला असता मध्यभागी आडवा ताण निर्माण होतो. 1943 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. त्याच वर्षी जपानमध्ये आकाझावा यांनीही ती स्वतंत्रपणे सुचविली. चर्च मात्र वाचले नाही. ते 1944 साली पाडण्यात आले.

आज ‘ब्राझिली चाचणी’ या नावाने ती जगभर रूढ आहे. नमुना म्हणजे खडकाची चकती: व्यास साधारण 54 मिलिमीटर, जाडी त्याच्या निम्मी. ती कडेवर उभी करून यंत्राच्या दोन जबड्यांमध्ये दाबावयाची. तुटतेवेळचा भार दुप्पट करून त्याला पाय, व्यास आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागले की ताणबल मिळते. ग्रॅनाइटचे ताणबल 10 मेगापास्कल असेल, तर अशी चकती सुमारे 2,300 किलोग्रॅम भाराला दुभंगेल. गंमत अशी, की जाडी व्यासाच्या बरोबर निम्मी असल्यास, तोच दंडगोल सरळ ओढून तोडण्यास गणिताने जेवढी ओढ लागावी तेवढाच हा भार असतो. साखळ्या आणि राळ यांची कटकट तेवढी वाचते.

परंतु या सोपेपणाने भुलून चालत नाही. हे गणित चीर मध्यभागी सुरू झाली तरच खरे ठरते. सपाट जबड्यांखाली ती कित्येकदा टेकूच्या जागीच सुरू होते, असे हडसन, ब्राऊन व रुमेल यांनी 1972 मध्ये दाखवून दिले. म्हणून आंतरराष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेने 1978 मध्ये सुचविलेल्या पद्धतीत जबडे अंतर्वक्र असतात. पाटीच्या दगडासारख्या पापुद्र्यांच्या खडकात चकती कोणत्या दिशेने दाबली यावर उत्तर पालटते. ती दिशा नोंदविली नसेल तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. खेरीज, सरळ ओढून मिळणारे बल या चाचणीतील बलापेक्षा सामान्यतः कमी असते. पेरास व डिडरिक्स यांनी 2014 मध्ये पूर्वीच्या मोजणींचा आढावा घेऊन रूपांतरित खडकांसाठी सुमारे 0.9, अग्निजन्यांसाठी 0.8 आणि गाळाच्या खडकांसाठी 0.7 असे गुणक सुचविले. खाणींच्या छतांत वारंवार भेटणारा वालुकाश्म या तिसऱ्या गटातला, तेव्हा तेथे चकतीचा आकडा जसाच्या तसा उचलणे धोक्याचे होय.

एका चकतीवर विसंबणेही बरे नव्हे. भेगांचे वाटप दर तुकड्यात निराळे असल्याने एकाच शिळेतील दोन चकत्या बऱ्याच वेगळ्या भारांना तुटू शकतात; यास्तव दहा नमुन्यांची सरासरी घेण्याचा संकेत आहे. आणि प्रत्यक्ष डोंगरात सांधे व फटी असतात, त्या ओलांडून ताण जवळजवळ मुळीच पोचत नाही. अशा फुटीर खडकात बोगदा खणताना सावध अभियंता ताणबल शून्य धरतो व छताला पोलादी बोल्टांचा आधार देतो. प्रयोगशाळेतील आकडा त्याला उपयोगी पडतो तो दोन सांध्यांमधील अखंड ठोकळ्यापुरता: सुरुंगाने तो कितपत फुटेल, पाण्याच्या दाबाने केव्हा चिरेल आणि आधाराविना किती रुंद छत पेलेल, हे ठरविण्यासाठी.