तांबी, नसबंदी आणि दिवसाची मजुरी

भंडारा शहरातील एखाद्या दाटीच्या वस्तीत, उंबऱ्याशी सूप घेऊन तेंदूच्या पानांत तंबाखू वळीत बसलेल्या स्त्रीला आणखी मूल नको असते, किंवा निदान दोन वर्षे तरी पाळणा लांबवायचा असतो, आणि तरीही ती कोणतेच साधन वापरीत नसते. या अवस्थेला सरकारी दप्तरात ‘कुटुंबनियोजनाची अपूर्ण गरज’ म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ९.४ टक्के विवाहित स्त्रियांची नोंद या सदराखाली झाली.

हे ऐकताच सुशिक्षितांचा पहिला समज होतो तो अज्ञानाचा. वास्तविक, जिला लगेच मूल हवे आहे तिची या सदरात गणनाच होत नाही, आणि साधनांची नावे तर बहुतेक साऱ्याजणींना ठाऊक असतात. परंतु बिडीची मजुरी हजारी हिशेबाने मिळते, तेव्हा दवाखान्याच्या रांगेत गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई. शहरात दवाखाना जवळ असतो म्हणून गरज आपोआप भागते, हा समजही येथेच ढासळतो.

‘गर्भाशयात बसवलेली तांबी काळजापर्यंत चढते’ ही धास्तीही वस्त्यावस्त्यांतून ऐकू येते. गर्भाशयातून काळजाकडे जाणारी वाटच शरीरात नाही. तांबी क्वचित गळून पडते, आणि काढून घेतल्यावर पुन्हा दिवस राहू शकतात. मात्र आरंभीचे काही महिने रक्तस्राव व कळा वाढतात हे खरे आहे, आणि ते खरे असतानाही ‘काही होत नाही’ असे सांगून बाईची बोळवण करणाऱ्यांनीच, माझ्या मते, अफवेला अधिक बळ दिले आहे.

कुटुंबनियोजन म्हणजे बायकांची शस्त्रक्रिया, हे समीकरण तर इतके रुळले आहे की पाळणा केवळ लांबवू पाहणारीकडे कोणाचे लक्षच जात नाही. तिच्यासाठी तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन व संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी यांची तजवीज सरकारी योजनेत २०१७ पासून आहे. शस्त्रक्रियेस पतीची सही लागते, हीदेखील समजूतच. नियमानुसार संमती लागते ती तिची स्वतःची.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली. एवढा काळ लोटूनही वरील पाहणीत स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के भरले. नसबंदीने पुरुषाची ताकद जाते म्हणतात; प्रत्यक्षात त्यात फक्त वीर्यनलिका बांधली जाते, पौरुषाचे संप्रेरक पूर्ववत रक्तात मिसळत राहते, आणि तीन महिने निरोध वापरून वीर्य तपासून घेतले की काम संपले.