रक्ताचा जमाखर्च

बारीक काचनळीत रसायन असतं. त्यात बोटातून काढलेला रक्ताचा थेंब टाकायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर त्या रक्तात सिकलसेल आजाराचं हिमोग्लोबिन आहे. हीच सोल्युबिलिटी टेस्ट. आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही ती होते, खर्च फारसा नाही. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, आणि मग कागदावर शेरा येतो : ‘एएस पॅटर्न’ (वाहक) किंवा ‘एसएस पॅटर्न’ (आजारी). विदर्भातल्या कित्येक घरांत ही अक्षरं आता रेशनकार्डाइतकी ओळखीची झाली आहेत.

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता मेळघाटात शिरतो. तिथल्या आरोग्याचा विषय निघाला की बोलणं कुपोषणावर आणि बालमृत्यूंवर जातं, आणि ते रास्तच आहे. पण सिकलसेल हा निव्वळ जंगलातला आजार आहे हा समज काढून टाकायला हवा. विदर्भात आदिवासींबरोबरच अनुसूचित जातींमध्ये आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे. म्हणजे घाटाच्या वर आहे तसाच खाली, कपाशी-संत्र्याच्या पट्ट्यातही आहे.

या आजाराची खरी गंमत (शब्द क्रूर आहे, पण संशोधकाला ती गंमतच वाटते) पेशीत दडलेली आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडाहून आलेल्या वॉल्टर नोएल या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी असल्याचं नोंदवलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीच्या पिशवीत नाही, तर आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. ‘रेणूचा आजार’ म्हणून सिद्ध झालेला हा पहिलाच. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, एवढाच फरक. पण ऑक्सिजन कमी झाला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतात, पेशी ताठ आणि वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच संपते. म्हणून अशक्तपणा, म्हणून कावीळ, म्हणून हाडांत ते ठणके. पाणी कमी प्यायलं, ताप आला, थंडी वाजली, अंगमेहनत जास्त झाली, की ठणका उठतो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात रोजमजुरीवर जाणाऱ्याला यातलं काय टाळता येणार?

इतका घातक जनुक टिकला कसा, याचं उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दिलं. ज्याला एकाच पालकाकडून हा जनुक मिळतो, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाहक तगून राहिले. किंमत मोजली ती दोन वाहकांच्या पोटी आलेल्या मुलांनी : प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता ‘एसएस’ची.

मध्य भारतातल्या या जनुकाची वैद्यकीय नोंद १९५८ ची. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांचा छोटा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे बराच काळ एक सोयीची समजूत चालली की भारतातला सिकल सौम्य असतो. तिला शास्त्रीय आधारही होता. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त उरतं आणि ते वाकड्या पेशींना आवर घालतं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वारंवार दाखल होणाऱ्या मुलांकडे पाहिलं, तर सौम्यपणाची ही कथा टिकत नाही. तिथल्याच डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम या कमी, ठरावीक मात्रेत देऊन पाहिलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ठणक्याचे झटके ठळकपणे कमी झाले. विदर्भातल्या मुलांवर, विदर्भातल्या डॉक्टरांनी केलेलं हे काम मला परदेशी संशोधनाच्या ढिगापेक्षा मोलाचं वाटतं.

हे औषध नवं नाही. ते प्रयोगशाळेत प्रथम बनलं १८६९ मध्ये. कर्करोगासाठी वापरलं गेलं आणि सिकलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. पेटंट नाही, म्हणून फार नफाही नाही. इथून पुढे पेशीशास्त्राची वही मिटवून कंपन्यांची खातेवही उघडावी लागते.

लेखाशास्त्राचा एक नियम सर्वसामान्यांना चमत्कारिक वाटेल. भारतीय लेखामानक ३८ नुसार कंपनीने स्वतः केलेल्या संशोधनाच्या टप्प्यावरचा पैसा हा खर्चच. तो मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकासाच्या टप्प्यावर काही अटी पूर्ण झाल्या तरच दाखवता येतो. मात्र तेच संशोधन दुसऱ्या कंपनीसकट विकत घेतलं, की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून झळकतं. फायझरने २०२२ मध्ये ग्लोबल ब्लड थेराप्युटिक्स ही कंपनी ५४० कोटी डॉलरना घेतली, मुख्यतः तिच्या सिकलच्या औषधांसाठी. त्यातलं ऑक्सब्रिटा २०१९ मध्येच बाजारात आलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये फायझरने ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांत औषध घेणाऱ्यांमध्ये ठणक्याचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण तुलनेने जास्त दिसलं. ताळेबंदातली मालमत्ता अशी नाहीशी होते, तरी कंपनी उभी राहते. रुग्णाची गोष्ट वेगळी.

जनुक-संपादनाची कॅसजेव्ही ही उपचारपद्धती २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत मंजूर झाली. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बंद करणारी कळच ती मोडते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ कोटींच्या वर. याला उत्तर म्हणून दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीने ‘बिरसा १०१’ ही देशी पद्धत विकसित केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. त्याचं कौतुक जरूर करावं. पण पुढची बरीच वर्षं मेळघाटातल्या मुलाचं आयुष्य हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूलवर आणि दर काही आठवड्यांनी होणाऱ्या रक्ततपासणीवर अवलंबून राहणार, हे विसरून चालणार नाही.

कंपन्यांचा पैसा आरोग्यात येतो तो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून : मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. कायदा चांगला आहे. पण याच नियमांत ‘चालू प्रकल्पा’ची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. सिकलचं बाळ साधारण सहा महिन्यांचं झालं की लक्षणं दिसू लागतात आणि आजार जन्मभर राहतो. मग पैसा कशावर जातो? शिबिरावर, किटवर, फलकावर, म्हणजे ज्याचा फोटो अहवालात लागतो त्यावर. तपासलेल्यांचा आकडा वाढत जातो, औषधावर टिकलेल्यांचा कुणी विचारतच नाही.

परतवाडा-अचलपूरकरांना कंपनीची खातेवही नवी नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणाऱ्या शकुंतला रेल्वेचा मार्ग स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं एका खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, आणि प्रवासी कुणाच्याच हिशेबात नाहीत. सिकलच्या रुग्णाचं काहीसं असंच झालं आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार आटोक्यात आणायचा आणि चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, हे त्याचं उद्दिष्ट. महाराष्ट्राचा स्वतःचा कार्यक्रम त्याआधीपासूनचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, एसटीत रुग्णाला सवलत मिळते. कागद पुष्कळ झाले. अडतं ते कागदाच्या पुढे. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीसाठी खाली उतरतात, वीटभट्ट्यांवर आणि शेतांवर राहतात, ती होळीला गावी परततात. या काळात धारणीत सुरू केलेली गोळी अंजनगावच्या शेतात कोण देणार? रक्त तपासायला अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जायचं तर मजुरी बुडते. ‘आजचं काम सोडून दवाखान्यात कोन जाईन?’ या वऱ्हाडी प्रश्नात सार्वजनिक आरोग्याचं अख्खं अर्थशास्त्र येतं.

माझं म्हणणं साधं आहे. पेशी समजली, औषध सापडलं, पैशाची तरतूद झाली. राहिला तो हिशेब. प्रत्येक तालुक्यात ‘एसएस’ माणसं किती, त्यांपैकी किती जण या तिमाहीत औषधावर आहेत, किती जणांची रक्ततपासणी झाली, एका रुग्णाला वर्षभर सांभाळायला सरकारला आणि खुद्द त्या घराला काय खर्च येतो, हे चार रकाने फलकावर लागले पाहिजेत. शेवटचा रकाना भरायला डॉक्टर नको, कॉमर्सचा माणूस हवा. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात दरवर्षी वाणिज्य शाखेचे प्रबंध होतात. त्यातल्या एखाद्या तरी विद्यार्थ्याने बँकांच्या ग्राहक-समाधानाचा विषय बाजूला ठेवून चिखलदरा-धारणीतल्या सिकलच्या घरांचा जमाखर्च मांडावा, आणि त्याच्या मार्गदर्शकाने जीवशास्त्र विभागात जाऊन एक सहमार्गदर्शक शोधावा. आणि वाचकहो, घरात लग्न ठरत असेल तर त्याआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. अचलपूर किंवा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा.